हात पोचेल एवढं अंतर

मंगलाताई, तुमचा कॅमेरा माझ्याकडे आहे. तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी, तुमच्या यजमानांनी, ती काळी बॅग आणून माझ्या दारातल्या चपलांच्या स्टँडवर ठेवली आणि आत न येताच म्हणाले, "तूच बरोबर जाऊन घेऊन दिला होता ना. मला काही चालवता येत नाही. घरात दिसला की नको वाटतं." मी पाणी आणते म्हणेपर्यंत ते जिना उतरायलाही लागले होते. समोरच्या फ्लॅटचं दार बोटभर उघडं होतं. मी बॅग आत घेतली तेव्हा ते हळूच बंद झालं.

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. या बावीस दिवसांत मी मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलले. भाजीचं, सईच्या शाळेचं, काकांच्या जेवणाचं. जे बोलायला हवं होतं ते सोडून सगळं. ते आता लिहिते. लिहिताना निदान तुमच्या डोळ्यांकडे बघावं लागत नाही.

सई अकरा महिन्यांची असताना मी तिला पहिल्यांदा तुमच्याकडे ठेवलं. मसाटच्या कारखान्यात माझी नोकरी नवी होती, सासर-माहेर दोन्ही नाशिकला, आणि सिल्वासात आमचं म्हणावं असं कुणी नव्हतं. तुमच्या तळमजल्यावरच्या पाळणाघरात तेव्हा सात मुलं होती. तुम्ही सईला माझ्याकडून घेतलंत, एका हातानं कडेवर टाकलंत आणि म्हणालात, "तू जा आता. मागं वळून पाहू नको, तं ती रडणार नाही." मी वळले नाही. ती रडली नाही.

नंतर एका रविवारी सई आमच्या हॉलमध्ये चार पावलं चालली. मी धावत खाली येऊन तुम्हाला सांगितलं, पहिलं पाऊल टाकलं म्हणून. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, साखर काढून माझ्या हातावर ठेवलीत. तीन महिन्यांनी तुमच्या तोंडून निसटलं की ती त्याच्या आठवडाभर आधीपासून तुमच्याकडे चालत होती. मी रडायलाच लागले. तुम्ही पदरानं हात पुसत म्हणालात, "पोरांचं पहिलं सारं मीच पाहते. आया कामावर. मला काही बरं वाटत नाही ते. चोरी केल्यासारखं वाटतं." आणि मग, जरा लाजून, "एखादा चांगला कॅमेरा घ्यावा म्हणते. मोबाईलात सारे पळते, पुसट येतात."

असा तो कॅमेरा घ्यायचं ठरलं. पैसे जमून तो प्रत्यक्ष घेईपर्यंत सई चार वर्षांची झाली. मी क्वालिटीतली इंजिनीअर, म्हणून मला विचारलंत. मी आठवडाभर वाचलं, तक्ता केला, लेन्सचे आकडे लिहिले. वापीच्या त्या दुकानात मी तो कागद घेऊन उभी होते आणि तुम्ही दुकानभर मुलं शोधत होतात. एक बाई लहान मुलीला पासपोर्ट फोटोसाठी घेऊन आली होती. फ्लॅश उडाला आणि ती मुलगी किंचाळली. तुम्ही दुकानदाराला तिथंच सांगितलंत, "मले असा चमकणारा नको. अन् वाजणारा बी नको. पोरं झोपेल असतात."

दुकानदार दोन लेन्सवाला सेट गळ्यात मारू बघत होता. तुम्ही त्यातला कॅमेरा उचलून डोळ्याला लावलात, मग दुकानातल्या फरशीवर मांडी घालून बसलात आणि म्हणालात, "हे बघ, मी अशी बसणार. माहे गुडघे वाकत नाहीत जास्त. मले खालून दिसलं पाहिजे." मग त्यानं पडदा बाहेर वळणारा मिररलेस कॅमेरा काढला. शटरचा आवाज बंद करता येणारा, डोळे शोधून त्यांच्यावरच फोकस धरणारा. मुलगी रडत रडत हलत होती, तरी पडद्यावर तिच्या डोळ्याभोवती हिरवी चौकट टिकून राहिली. तुम्ही माझ्याकडे बघून नुसती मान हलवलीत.

लेन्सवर मात्र आपण भांडलो. मी म्हटलं, मुलांच्या चेहऱ्यांसाठी पन्नास मिलिमीटरची तरी हवी, शक्य तर पंच्याऐंशीची; आकडा मोठा तेवढं लांबून काढता येतं. जवळून काढलं की नाक मोठं येतं, चेहरा बदलतो. तुम्ही दोन्ही लावून बघितल्या. पंच्याऐंशीची लावून त्या मुलीचा चेहरा मावेपर्यंत मागं सरकत तुम्ही दुकानाच्या पायरीवर गेलात.

"माही खोली बारा फुटाची शे," तुम्ही तिथून ओरडलात. "ह्यानं काढायचं तं मी रस्त्यावर उभी राहू का?"

"मग पन्नास घ्या."

"पस्तीस."

"ताई, पोर्ट्रेटला कुणी पस्तीस घेत नाही."

"पोर रडलं तं हात पोचला पाहिजे माहा," तुम्ही म्हणालात, आणि वाद मिटला.

खोलीत उजेड कमी म्हणून जास्त उजेड आत घेणारी एक-पॉइंट-आठची घेतली. सेटमधली झूम घरात अंधारं काढते हे तुम्हाला मी एकदाच समजावलं आणि पुढं तुम्हीच इतर आयांना समजावत होतात.

ते पहिले तीन-चार महिने मला पुनःपुन्हा आठवावेसे वाटतात. खिडकीला तुम्ही काकांचं जुनं पांढरं धोतर बांधलंत, त्यानं ऊन मऊ होऊन खोलीत यायचं. तुम्ही भिंतीला टेकून बसायच्यात, कॅमेरा मांडीत. एका हातानं कुणाला तरी वरणभात भरवत आणि दुसऱ्या हातानं फोटो काढत. मुलं कॅमेरा विसरली होती. फोटो छापून तुम्ही संध्याकाळी आयांच्या हातात द्यायच्यात. पुरणाच्या पोळीसाठी पण कुणी एवढं दार वाजवलं नसेल. सईचा मात्र तेव्हा एकही निघाला नाही, कारण ती कॅमेरा दिसला की पलंगाखाली शिरायची. तुम्ही म्हणायच्यात, "राहू दे. तिले वाटेल तेव्हा." मग पावसाळ्यानंतर काव्या गेली.

वरच्या मजल्यावरच्या हेतलबेनची काव्या, तुमच्याच पाळणाघरातली. तीन वर्षांची. हातात अर्धी खाल्लेली खारी, ओठांवर चुरा, आणि कुणीतरी हाक मारल्यासारखी वळलेली मान. तो तुमचा सगळ्यांत सुंदर फोटो होता. तो काढल्यावर अकराव्या दिवशी तिला ताप आला आणि डोक्यात गेला. चार दिवसांत संपलं. हेतलबेनकडे मोबाईलमध्ये शेकडो फोटो होते, पण तिनं तुमचाच मागितला. तुम्ही तो मोठा करून दिलात. मी तुमच्याबरोबर वर गेले होते. तिच्या हॉलमध्ये त्या फोटोला हार घातलेला होता आणि हेतलबेननं तुमचा उजवा हात धरून डोळ्यांना लावला. "तमे न होत तो मारी पासे आ पण ना होत," ती म्हणाली. तुम्ही नसतात तर तिच्याकडे हेही नसतं. तुम्ही जिन्यात बसलात आणि बराच वेळ उठला नाहीत.

तेव्हा फोटोबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

दिवाळीनंतर सुनीताचा दीपू. सुनीता तुमच्याकडे फरशी पुसायला यायची, नंदुरबारकडची, मसाटच्या चाळीत राहायची. तिनं स्वतःच म्हटलं होतं, "ताई, माझ्या पोऱ्याचा पण काढा ना एक." तुम्ही त्याला सईचा स्वेटर घालून बसवलंत. तो हसताना डोळे गच्च मिटायचा, म्हणून तुम्ही वीसेक फोटो काढलेत तेव्हा एकात डोळे उघडे मिळाले. आठ दिवसांनी तो चाळीमागच्या बांधकामावरच्या उघड्या पाण्याच्या टाकीत पडला. सुनीता तो फोटो न्यायला आली तेव्हा मी तिथंच होते. तिनं तो कागदात गुंडाळला, छातीशी धरला आणि गेली. कामाला परत आली नाही.

त्यानंतर चार दिवसांनी लिफ्टमध्ये मी, सई आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी. त्यातली एक सईकडे बघून मला हळूच म्हणाली, "इसका फोटो निकाला है क्या उन्होंने?"

"नाही," मी म्हटलं.

"अच्छा है. दो हो गए."

मंगलाताई, माझं कामच हे आहे. हजार नगांत दोन खराब निघाले तर त्याचा अर्थ काय आणि काय नाही, हे मी लोकांना शिकवते. तुम्ही तोवर चाळीसेक मुलांचे फोटो काढले होते. त्यातल्या एकीच्या मोठ्या भावाला दहावीत चांगले मार्क मिळाले, एकाचं बोबडं बोलणं सुटलं, एकाला कावीळ होऊन तो ठणठणीत बरा झाला. हे कुणी मोजलं नाही. मला लिफ्टमध्ये तिथल्या तिथं हे सगळं सांगता आलं असतं. मी सईचा हात घट्ट धरला आणि आपला मजला आल्यावर उतरले.

मग मुलं कमी होत गेली. कुणाची आजी गावाहून आली, कुणाला शाळेजवळचं पाळणाघर सोयीचं पडलं. खरं कारण कुणी सांगितलं नाही. सातांची तीन राहिली. बागेत तुम्ही बाकावर येऊन बसलात की आया मुलांना झोपाळ्यावरून उतरवायच्या. एकीनं तर तुमच्यासमोर मुलाच्या गालावरची तीट पुन्हा गडद केली. तुम्ही ते पाहिलंत. मीही पाहिलं, आणि तुम्ही पाहिलंत हेही पाहिलं.

दुसरी लेन्स तुम्ही एकट्यानं जाऊन आणलीत. पंच्याऐंशीची. मला ती बाकावर तुमच्या मांडीत दिसली. "दुधनीला धरणावर बगळे येतात," तुम्ही म्हणालात. "पोरं नाही तं पाखरं." मी हसले. पण सोसायटीत दुसऱ्याच दिवशी झालं की आता ती लांबून काढते, कळतसुद्धा नाही. मी तुम्हाला सांगायला आले, की निदान बागेत तरी तो कॅमेरा आणू नका, लोक बोलतायत.

"लोक राहू दे," तुम्ही म्हणालात. "तू बोल."

मी सईला घेऊन वर आले.

आणि मग सईचा पाचवा वाढदिवस आला. एव्हाना तिची पलंगाखाली शिरायची सवय सुटली होती. तुम्ही विचारलंत, "हिचा काढू का आता? तुलाच मोठा करून देईन." मी म्हटलं, तिला सर्दी झालीये, नाक लाल दिसतंय. पुढच्या आठवड्यात म्हटलं, नवा फ्रॉक शिवायला टाकलाय. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हटलं, केस कापले की काढू. तुम्ही पातेलं घासत होतात. नळ बंद केलात.

"शाळा सोडली तं सकाळी आठ ते संध्याकाळी सहा पोर माह्या मांडीवर देतेस," तुम्ही शांतपणे म्हणालात. "माह्या हातचं जेवते. माह्याजवळ झोपते. अन् ह्या डबड्याचं भेव वाटतं तुले?"

"भीती नाही हो, ताई."

"मंग काय?"

सई आत झोपली होती. पंख्याचा आवाज येत होता. मला म्हणायचं होतं की मला लाज वाटते. म्हणायचं होतं की मी रोज ठरवून येते, आज हो म्हणायचं, आणि दारात आले की मला काव्याची ती वळलेली मान दिसते. मी एवढंच म्हटलं, "मलाच कळत नाही."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि नळ पुन्हा सोडलात.

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सई रोजच्यासारखी दोन घट्ट वेण्या घालून बाहेर आली. डब्यात तिच्यासाठी शेंगदाण्याची चिक्की होती. तुम्ही फोटोचा विषय परत कधी काढला नाहीत, आणि तो काढला नाहीत याबद्दल मी मनातून तुमचे आभार मानत राहिले. चार महिने.

तुम्ही गेलात त्या दुपारी फोन आला तेव्हा मी कारखान्यात लाइनवर होते. शेजारच्या बाईंचा. शाळेला सुट्टी होती, मुलं झोपली होती, तुम्ही त्यांच्या शेजारी आडव्या झाला होतात, आणि सई उठून शेजारी जाऊन सांगत होती, "आजी उठत नाहीये." मी गाडी चालवत आले तेव्हा मसाट ते सोसायटी एवढ्या रस्त्यात माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सई ठीक आहे, हा पहिला. तुमचा विचार त्याच्या मागून आला. आणि त्यांच्या मध्ये, अगदी पुसट, एक तिसरा येऊन गेला: बरं झालं, नव्हता काढला.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव, झोपेतच. तुमचा एक हात धाकट्या मुलाच्या पाठीवर होता.

बॅग माझ्याकडे आल्यावर दोन दिवस मी ती उघडली नाही. मग एका दुपारी सई शाळेत असताना कार्ड लॅपटॉपला लावलं. मी काय शोधत होते ते उघड आहे. माझ्या नकळत तुम्ही सईचा एखादा काढलाय का. मी एकेक फोटो मोठा करून, कडा तपासत, आमच्याकडे नमुने तपासतात तशी, सगळं कार्ड बघितलं. बगळे होते. खेरडीच्या वाटेवरची भाताची खाचरं होती. राहिलेल्या दोन मुलांचे खूप होते. बागेतल्या घसरगुंडीची एक मालिका होती, लांबच्या लेन्सनं काढलेली. त्या दिवशी घसरगुंडीवर पाच मुलं होती हे मला आठवतं, कारण मी तिथं होते. फोटोंत दोनच. ज्यांच्या आयांनी हो म्हटलं होतं ती. बाकीच्यांना तुम्ही प्रत्येक वेळी बाहेर ठेवलं होतं. एका फोटोत उजव्या कडेला पिवळ्या बाहीचा एक तुकडा आला होता, सईच्या. पुढच्या फोटोत तुम्ही कॅमेरा तेवढा डावीकडे वळवला होता.

मी लॅपटॉप बंद केला. माझ्या मुलीच्या पाच वर्षांतले दिवसाचे दहा तास तुमच्या खोलीत गेले, आणि त्या खोलीतल्या एकाही फोटोत ती नाही. ते मी केलं.

त्याच संध्याकाळी, पस्तीसची लेन्स लावून, मी सईला आमच्या खिडकीशी बसवलं. पहिले सहा पुसट आले. सातवा आला. शाळेचा युनिफॉर्म, एक वेणी सुटलेली, आणि माझ्याकडे असं बघणं, की जणू ती बऱ्याच दिवसांपासून याचीच वाट बघत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं अंग तापलं.

मंगलाताई, मी हे तुमच्यापासून लपवू शकते, तुम्ही आता काही वाचणार नाही. पण लपवत नाही. मी थर्मामीटर बघितलं, एकशे दोन. तिला औषध दिलं, डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले व्हायरल आहे, सगळ्या शाळेत आहे. मी हो हो म्हटलं. फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले, कॅमेरा चालू केला आणि तो फोटो पुसला. तो विचारतो ना, नक्की पुसू का, त्याला हो म्हटलं. मग पुसट आलेले सहाही पुसले. त्यानंतर मी ओट्याला धरून उभी राहिले आणि मला जाणवलं की त्या लिफ्टमधल्या बायकांत आणि माझ्यात काडीचा फरक नाही. फरक एवढाच, की त्या तुमच्या हातचं जेवल्या नव्हत्या.

दोन दिवसांनी ताप उतरला. उतरणारच होता.

काल संध्याकाळी सई सोफ्यावर पेज पीत बसली होती. मध्येच म्हणाली, "आई, माझा फोटो दाखव ना. आजीच्या कॅमेऱ्यातला."

माझ्या तोंडात खोटं तयार होतं. कार्ड खराब झालं, बॅटरी गेली. मला अशी कारणं चटकन सुचतात, तुम्हाला माहीत आहे.

"मी पुसला," मी म्हटलं.

"का?"

"मला भीती वाटली. तुला काही होईल अशी."

तिनं चमचा वाटीत ठेवला. "फोटोनं?"

"हो."

"मी आजीला म्हटलं होतं, माझा पण काढ. खूपदा म्हटलं. आजी म्हणायची, आई हो म्हणू दे, मग काढू."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तू न्यायला यायचीस तेव्हा. पण आजी म्हणायची, आज नको विचारू, आई दमलीये."

चार महिने, ताई. रोज संध्याकाळी सहा वाजता मी दारात उभी राहायचे आणि तुम्ही माझ्या मुलीला गप्प करायच्यात, मला नाही म्हणावं लागू नये म्हणून. आणि मला वाटत होतं की तुम्ही विषय सोडून दिलाय.

आज रविवार. सकाळपासून बॅटरी चार्जिंगला लावली होती, ती झालीये. माझी भीती गेलेली नाही. हे लिहितानाही मध्येच उठून मी उगाचच सईच्या कपाळाला हात लावून आले. ती खिडकीशी जाऊन बसली आहे, आज दोन्ही वेण्या माझ्याकडून घालून घेऊन. तुमच्याएवढ्या घट्ट मला जमत नाहीत. ती तिथून विचारतेय, "आई, तू हो म्हणालीस ना?"

हो म्हटलंय.